रोसाची स्लाइड

आधीच सांगते, या पानावरचे अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी आहे. हायवेवरची पांढऱ्या साडीतली बाई, पाठीमागून येणारी हाक... सचिनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय. घाबरून लिहीत नाहीये. खरं तर काहीच वाटत नाही, तेच जरा विचित्र आहे, म्हणून लिहितेय.

मी मूळची रावेरची. वडील केळीच्या गाड्या भरायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. जळगावला मायक्रोबायोलॉजी, मग पुणे, मग इथे अमेरिकेत मास्टर्स. हे मिरवायला सांगत नाही... बरं, थोडं मिरवायलाच सांगते, का नको सांगू? पण मुद्दा असा, की जे दिसतं तेवढंच लिहायचं आणि जे दिसत नाही ते लिहायचं नाही, हे मी फार कष्टानं शिकलेय. त्याचाच मला पगार मिळतो. मिळायचा.

आम्ही अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो. तिथून फोर हंड्रेड हायवेवरून लॅबला जायला ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास. लॅबचं नाव लिहीत नाही. काम असं — ॲमेझॉनच्या जंगलात, नदीकाठच्या आदिवासी वस्त्यांत एक जंत आहे. चिलटाएवढी माशी चावते आणि तो रक्तात शिरतो. आपल्याकडच्या हत्तीपायाच्या जंताचा लांबचा नातेवाईक समजा. तिकडे लोकांच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतात, त्या स्लाइड्स बोटीनं, मग विमानानं आमच्याकडे येतात. आम्ही त्या रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली जंत शोधतो. प्रत्येक स्लाइड दोघं वेगवेगळी बघतात, एकमेकांना न विचारता. एक मी, दुसरा नीरज. नीरज इथेच जन्मलेला, आईवडील नागपूरचे. मला ताई म्हणतो, बाकी अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश.

तिकडच्या बाजूला दोघीजणी. डॉक्टर इनेस, शहरातली, कामाची प्रमुख. आणि रोसा, त्याच जमातीतली, वस्त्यांवर फिरून रक्त घेणारी आणि गोळ्या देणारी. तीही तिच्या घरातली पहिली शिकलेली, त्यामुळे आमचं लगेच जमलं. दर गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल असायचा. माझं स्पॅनिश मोडकं, अडलं की इनेस इंग्लिशमध्ये सांगायची. रोसा मला 'काचवाली' म्हणायची. "काचवाली, दिवसभर आमचं रक्त बघतेस, कधी आमचं तोंड बघायला पण ये की!"

त्यांची एक रीत इथे सांगायला हवी. त्यांच्यात माणूस गेलं, की त्याचं काहीच मागे ठेवत नाहीत. झोळी, टोपली, भांडं, सगळं जाळायचं नाहीतर नदीत सोडायचं. नाव परत तोंडातून काढायचं नाही. आमच्याकडे उलट, बाबांचा हार घातलेला फोटो हॉलमध्ये आहे आणि आई रोज फोनवर त्यांचं नाव घेते. तर, त्या लोकांशी आमचा करारच होता — कुणी गेलं तर त्याची स्लाइड लॅबनं परत पाठवायची. नाव घ्यायचं नसल्यामुळे इनेस कॉलवर फक्त नंबर सांगायची.

गेल्या वर्षी एका गुरुवारी तिनं असाच एक नंबर सांगितला. नीरज ट्रे घेऊन आला.

"ताई, ही तर तू ब्लँक मार्क केलीयस."

"हो, रंगवताना थेंब धुऊन गेलाय. होतं तसं."

"नो, इट्स फाइन. बघ ना, मस्त जांभळी आहे."

मी बघितलं. स्वच्छ काच. त्याला म्हटलं, मला काही दिसत नाही.

"चष्मा कुठंय?"

"डोळ्यांवरच आहे."

"मग डोळे कुठंयत?" तो हसला. मीही हसले. वीकेंडला डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता.

थोड्या आठवड्यांनी परत तेच झालं. मंगळवारी एक स्लाइड मला कोरी दिसली, मी तसं लिहिलं. गुरुवारी इनेसनं तोच नंबर सांगितला. मी विचारलं, कधी गेली ती व्यक्ती? इनेस म्हणाली, काल. बाळंतपणात.

काल म्हणजे बुधवार. मी मंगळवारी बघितली होती.

नीरज यावेळी हसला नाही. "कोइन्सिडन्स, ताई," असं दोनदा म्हणाला. मलाही तेच वाटलं. म्हणजे, तेच वाटायला हवं होतं. आमच्या बॉसनं मला दोन दिवस सुट्टी घ्यायला लावली, डॉक्टरनं एमआरआय काढला, तोही नॉर्मल. आणि हो, बाबा त्याच्या आदल्या वर्षी गेले. हे सांगते, कारण खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच.

आता रोसाची स्लाइड. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आम्ही एक 'कंट्रोल' बघतो. म्हणजे अशी स्लाइड, जिच्यात जंत आहेत हे आधीच पक्कं माहीत आहे. त्यात जंत नीट दिसले, तरच त्या दिवशीचा रंग बरोबर आणि आपले डोळे बरोबर. आमच्या कंट्रोलच्या स्लाइड्स रोसाच्या रक्ताच्या. तिला स्वतःला तो जंत होता. गोळी घेण्याआधी तिनंच आपल्या रक्ताच्या एक डबाभर काचा करून पाठवल्या होत्या. "माझे पाहुणे आधी तुला देते," म्हणाली होती, "मग त्यांना घालवते." मी कितीतरी सकाळी सगळ्यात आधी रोसाचं रक्त बघितलंय. दुधाचा चहा, मग रोसा.

त्या सोमवारी मी स्लाइड लावली, तेलाचा थेंब टाकला, फोकस केला. नुसता उजेड. काच काढून खिडकीशी धरली. रंग नुसत्या डोळ्यांनाही दिसायला हवा, एवढा मोठा ठिपका असतो. काहीच नव्हतं, पलीकडे पार्किंग लॉट दिसत होता. डब्यातली दुसरी काढली. तिसरी. मग सगळा डबा टेबलावर मांडला.

"नीरज, या काचांवर काय आहे?"

त्यानं एकदा काचांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ब्लड आहे, ताई. ऑल ऑफ देम."

मी इनेसला फोन लावला.

"रोसा कुठंय?"

"बोटीनं वरच्या वस्तीवर निघालीय. गोळ्या घेऊन. का गं?"

"बरी आहे?"

"माझ्यापेक्षा बरी. सकाळी माझ्या वाटणीची केळी पण खाऊन गेली."

"तिला परत बोलव."

इनेस हसली. "आणि काय सांगू?"

"सांग, वैशालीला तुझी स्लाइड दिसत नाही."

आधीचे दोन्ही नंबर तिनंच मला सांगितले होते, आणि त्या दोन्ही काचा मला कोऱ्या दिसल्याचं मी तिला सांगितलं होतं. ती हळू म्हणाली, "त्या दोघांसारखं?"

"हो."

"वैशाली, त्या वस्तीवर पावसाआधीपासून गोळ्या पोचलेल्या नाहीत. लोक वाट बघतायत. मी डॉक्टर आहे. असल्या कारणानं मी बोट मागे फिरवू शकत नाही."

"बोट जाऊ दे. रोसाला उतरव."

हे सगळं मी अगदी सपाट आवाजात बोलले. नीरज नंतर म्हणाला, पिझ्झा ऑर्डर करावा तशी बोलत होतीस. मला आत काहीतरी हलायला हवं होतं, ते हलत नव्हतं. एवढंच कळत होतं, की रोसा आत्ता आहे आणि एक-दोन दिवसांत नसेल. मी फोन ठेवत नव्हते. शेवटी इनेसनं रेडिओ उचलला. पलीकडून रोसाच्या शिव्या मला इथे अटलांटाजवळ ऐकू आल्या. पण ती उतरली. वाटेत तिच्या मावशीची वस्ती होती, तिथे. गोळ्या घेऊन दुसरा माणूस पुढे गेला.

आणि झालं काय? काहीच नाही. बोट उलटली नाही, साप निघाला नाही, कुणाला ताप आला नाही. गोळ्या वाटून सगळे सुखरूप परत आले. इनेसनं मला तिखट मेसेज केला. बॉसनं बोलावून घेतलं. सचिन म्हणाला, "झालं ना, जिवंत आहे ना ती? मग खूश हो की!" बरोबर होतं त्याचं. गुरुवारी मी कॉलला बसले ते चांगलं खाली मान घालून, माफी मागायच्या तयारीत.

स्क्रीनवर इनेस आली. तिच्या शेजारी रोसाचा नेहमीचा लाकडी बाक. मागे फळ्यांची भिंत, भिंतीला टांगलेलं नारिंगी लाइफ जॅकेट.

बाक रिकामा होता.

"रोसा येतेय का?" असं मी विचारणार, तेवढ्यात नीरजनं हात हलवला. "हाय रोसा! व्हॉट हॅपन्ड टु युअर हेअर?"

आणि बाकावरून रोसाचा आवाज आला. "मावशीनं कापले! काचवाली, तुझ्यामुळे मला त्या म्हातारीकडे लाकडं फोडायला लागली. वर तिनं केस पण कापले. बघ ना, कशी दिसतेय?"

इनेस त्या रिकाम्या जागेकडे बघून हसत होती. नीरज हसत होता. मला लाइफ जॅकेटचं बक्कल दिसत होतं.

"छान," मी म्हटलं. "छान दिसतेयस."

"मग तोंड का असं? मला परत बोलावलंस ना? आले ना मी?"

"आलीस," म्हटलं.

त्यानंतर प्रत्येक गुरुवारी असंच. आवाज अगदी स्पष्ट, बाक रिकामा. माझ्या फोनमधल्या जुन्या फोटोंत ती आहे. त्या सोमवारनंतरच्या कुठल्याच फोटोत मला ती दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसते. तिच्या स्लाइड्स मी परत पाठवायला लावल्या, ती जिवंत असूनही. वाटलं, त्यानं काही सुटेल. तिनं त्या नदीत सोडल्या, इनेसनं व्हिडिओ पाठवला. पाणी दिसलं, काचा बुडाल्याचा आवाज आला. स्लाइड्स बघण्याचं काम मी आपणहून सोडलं. आता रिपोर्ट लिहिते. पगार थोडा कमी आहे. आईला सांगितलेलं नाही.

ती मला दिसत नाही, हे रोसाला माहीत नाही. इनेसलाही नाही. फक्त नीरजला माहीत आहे. कॉल सुरू झाला, की तो हळूच मला सांगतो — लाल शर्ट, डावीकडे बसलीय. मग मी डावीकडे बघून बोलते.

कुणी म्हणेल डोळे, कुणी म्हणेल डोकं, कुणी म्हणेल बाबा. सगळं तपासून झालंय. मी तिला वाचवलं का? की ती त्या आठवड्यात जायची होती ती गेलीच, फक्त माझ्यापुरती? मला माहीत नाही. पूर्वी असं कुणी लिहिलं असतं, तर मी सचिनला वाचून दाखवलं असतं.

उन्हाळ्यात लॅब मला तिकडे पाठवतेय. रोसा खूप खूश आहे. परवा म्हणाली, "मी धक्क्यावर येईन तुला घ्यायला. बोट लागली की सगळी वस्ती गोळा होते, हां. एवढ्या गर्दीत मला ओळखशील ना?"

हो म्हटलंय मी.