दारकाकांचं राहून गेलेलं वाक्य

दारकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं कुलपं दुरुस्तीचं दुकान. आठवडाभर लोकांची अडकलेली दारं उघडायची आणि रविवारी सकाळी चर्चच्या दारात उभं राहायचं. कुणीतरी गमतीत दारकाका म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची नर्स मुलगी, दोघंच.

मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, पहिल्यांदा आलेला माणूस त्यांना लांबूनच कळायचा. आत शिरू की परत फिरू, अशा विचारात पायरीवर घुटमळायचा. काका लगेच पुढे. "या, या. मधल्या बाकांवर बसा, अगदी पुढे नको. पुढचे उठले की उठायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकणं जमत नसेल तर खुशाल बसून राहा, कुणी डोळे वटारत नाही. मध्येच शेजारचा हात पुढे करून 'शांती असो' म्हणेल, दचकू नका, तुम्हीही म्हणा."

आणि मग, आवाज जरा उतरवून, शेवटचं वाक्य. "कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकरीची चकती घ्यायला, सगळे रांगेने वेदीपाशी जातील. ते फक्त आमच्या कॅथलिक लोकांसाठी असतं. तुम्ही बसून राहा, नाहीतर हात छातीवर आडवे धरून जा, फादर आशीर्वाद देतील."

यावर एखादा नाक मुरडायचाच. "म्हणजे आम्ही परके?"

"अहो, परके असता तर दारात एवढी बडबड केली असती का मी?" काका हसून म्हणायचे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं.

त्या रविवारी मात्र काकांचीच पाचावर धारण बसली होती. मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा गुणी, पण त्यांच्या धर्मातला नव्हता. त्याची आई शिवणकाम करून घर चालवणारी, करारी बाई. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. तिने साफ सांगितलं होतं, "तुमची मिस्सा बघते, माणसं बघते, मग होकार देते की नाही ते ठरवते." आणि आज ती एकटीच आली होती. मुलीची नेमकी ड्यूटी!

काकांनी तिला बाक दाखवला, उठण्याबसण्याचं सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र गाळलं. होकाराच्या आधीच हिला 'हे तुमच्यासाठी नाही' म्हणायचं? मग तर झालंच कल्याण! ती कशाला रांगेत उठतेय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ती उठली. रांगेतून गेली, इतरांसारखा हात पुढे केला आणि फादरांनी तळव्यावर ठेवलेली पांढरी चकती मुठीत घेऊन जागेवर आली. तिने रुमाल काढला, चकती त्यात नीट गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

काकांच्या लेखी ती पिठाची चकती नव्हती, साक्षात प्रभू होता. आणि तो आता दोऱ्याच्या रिळांशेजारी पडला होता! बोलावं तर लेकीचं लग्न जातंय, न बोलावं तर कोणत्या तोंडाने या दारात उभं राहायचं? मिस्सा संपेपर्यंत त्यांना एक शब्द ऐकू आला नाही.

ती दारापाशी आली तसे काका आडवे आले. "ताई, रुमालातलं मला परत द्या. ते घरी न्यायचं नसतं."

बाईचा चेहरा लाल झाला. "मी काय चोरलं का? आमच्या यांच्यासाठी घेतलं. म्हटलं, तेवढंच बरं वाटेल त्यांना."

"चोरलं नाही हो. माझंच चुकलं."

"चुकलंच तुमचं! माझ्या पुढचं जोडपं हात आडवे धरून गेलं. त्यांना सांगितलं असणार तुम्ही. मला का नाही सांगितलंत?"

एक गोडसं खोटं काकांच्या ओठांवर आलं होतं, पण निघालं ते खरंच. "घाबरलो. तुम्हाला राग येईल आणि पोरीचं लग्न मोडेल, म्हणून."

रुमाल उलगडून तिने पुढे धरला. काकांनी फादरांना बोलावून सगळं सांगितलं. फादरांनी ती चकती उचलून तिथेच आदराने खाल्ली आणि म्हणाले, "तुमच्या घरी येऊन मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन, चालेल?" तिने मान हलवली.

फादर गेले. काका खाली मान घालून उभे.

"तुमची मुलगीही अशीच आहे का?" तिने विचारलं. "माझं चुकलं तर घाबरून गप्प बसणारी?"

"छे हो! ती आईवर गेलीय. मनात आलं की तोंडावर सांगून मोकळी. फार बोल ऐकलेत मी तिचे."

बाईने डोळ्यांना पदर लावला. "हे पडले तेव्हा त्यांची वाचाही गेली. त्याआधी रोज भांडायचे माझ्याशी. आता मुलगा माझ्याशी जपून बोलतो, गिऱ्हाइकं गोड बोलतात. द्या तुमची मुलगी आम्हाला. घरात कुणीतरी बोलणारं हवंय हो मला."