बिनसुईचं बटण

बटण मागायला आलेला माणूस नुसतं बटण मागत नाही. ते कसं तुटलं, हेही सांगतो. दोरा मागणारा दोरा घेऊन जातो, चेन मागणारा चेन घेऊन जातो. पण तुटलेल्या बटणामागे काहीतरी घडलेलं असतं. भांडण, घाई, वाढलेलं पोट, बसमधली रेटारेटी. आमचं गोव्यात डिचोलीच्या बाजारात दुकान आहे. अस्तरं, लेसी, दोरे, बटणं, असलं सगळं. लग्न होऊन पार्शाच्या माहेराहून आले ती मी जवळपास काउंटरवरच येऊन बसले. त्यामुळे हे किस्से मी गोळा केलेले नाहीत. ते आपले येऊन साचलेत. आणि दुकानात ‘टक’ आल्यापासून जरा जास्तच साचलेत.

टक म्हणजे काय, ते आधी सांगते. बेळगावचा एक सेल्समन आमच्याकडे माल घेऊन येतो. एकदा त्याने एक नवीन पॅकेट काउंटरवर ठेवलं. आत प्लास्टिकच्या बारक्या चकत्या. चकतीला दोन बोथट पाय. ते पाय कापडाच्या विणीतून वर काढायचे, बटणाच्या भोकांतून घालायचे, वरून एक टोपी बसवायची आणि अंगठ्याने दाबायची. टक असा आवाज होतो. बटण लागलं. सुई नको, दोरा नको, गाठ नको. पॅकेटवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं. ते कोणी वाचलं नाही. पहिल्या आठवड्यातच गिऱ्हाइकं सांगू लागली, “वहिनी, ते टक द्या.”

* * *

टक आलं त्या दिवशी शेजारचे शाणू टेलर सकाळच्या चहाच्या वेळी नेहमीसारखे आमच्याकडे येऊन बसले होते. सेल्समनने त्यांच्याच शर्टाचं वरचं बटण काढून टक लावून दाखवलं. शाणूंनी मान खाली घालून बराच वेळ त्याकडे बघितलं.

“मगे सुई कित्याक जल्माक आयली?” ते म्हणाले.

सेल्समन म्हणाला, “ओढून बघा मास्तर.”

शाणूंनी तिथे ओढून बघितलं. मग आपल्या दुकानात जाऊन ओढून बघितलं. आमच्या दोन्ही दुकानांत एक पातळ भिंत आहे, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. दुपारभर मशीन थोडा वेळ चालायची, मग थांबायची. थांबली की मी समजायची, टेलर बटण ओढतायत. संध्याकाळी शटर खाली घ्यायच्या वेळेला ते आमच्या दारात उभे राहिले. शर्ट गळ्यापासून छातीपर्यंत फाटलेला. बटण आपल्या जागी, फाटलेल्या तुकड्याला घट्ट धरून.

“बटण रवलां,” ते शांतपणे म्हणाले. “शर्ट गेलो.”

* * *

आमच्या ह्यांचं पोट. त्यांच्या पँटचं कमरेचं बटण दर सणाला तुटायचं. मी शिवायची, पुढच्या सणाला परत तुटायचं. टक आल्यावर मी सगळ्या पँटना टक लावून टाकलं आणि मोकळी झाले.

त्यानंतर आम्ही फोंड्याला एका देवळात महाप्रसादाला गेलो. पंगत बसली. भात झाला, भाज्यांचं खतखतें झालं, परत भात झाला. वाढपी मणगणें, ती चण्याच्या डाळीची खीर, घेऊन आला, यांनी वाटी पुढे केली. परत आला, परत पुढे केली. नंतर बघते तर हे पानावर बसलेले, तोंड लाल, बोलत नाहीत. मी घाबरले. शेजारचे एक भटजी उठून पाणी आणायला गेले.

हे हळूच माझ्या कानाशी म्हणाले, “काय नाही गं. आधी बटण तुटलं की समजायचं, जेवण पुरे झालं. आता समजायला मार्गच नाही.”

* * *

माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न होतं, साखळीच्या एका हॉलमध्ये. मुहूर्त तोंडावर आला आणि नवरदेवाच्या शेरवानीचं छातीवरचं बटण तुटून कुठेतरी गेलं. नणंद रडायच्या बेतात. बटण एका भाच्याला खुर्चीखाली मिळालं. माझ्या पर्समध्ये टकचं पॅकेट होतं. दुकानदाराची बायको लग्नाला जाताना सुद्धा दुकान बरोबर घेऊन जाते. मी नवरदेवाला खिडकीपाशी उभं केलं, हात आत घातला, चकतीचे पाय वर काढले, टोपी दाबली. टक. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

लग्न लागलं, फोटो झाले. जेवणाआधी कपडे बदलायला नवरामुलगा खोलीत गेला तो येईचना. त्याचा भाऊ आत जाऊन आला आणि मला बोलावून घेतलं. घाईत मी शेरवानीबरोबर त्याची आतली गंजीही टकात धरली होती. शेरवानी अर्ध्यावर येऊन गळ्यात अडकलेली, हात वर, आणि आतून आवाज, “मामी, तू आसा मगे?”

मी टोपी नखाने उचकटायला बघत होते. नख तुटलं, टोपी निघेना. एवढ्यात नवरी आत आली. दोन तासांपूर्वी लग्न झालेली मुलगी. तिने काही विचारलं नाही. डोक्यातली एक हेअरपिन काढली, टोपीखाली घातली, उचकटली. शेरवानी निघाली. पिन परत डोक्यात खोचून ती मला म्हणाली, “सासूबाई घाबरल्यात बाहेर. तुम्ही त्यांना सांगा. ह्यांचं मी बघते.”

मी बाहेर येऊन नणंदेला म्हटलं, “तुझ्या मुलाची काळजी आता सोड.”

* * *

प्राची म्हणून एक मुलगी आमच्या गल्लीतली. कॉलेज संपवून घरी बसलेली. घरात कमावतं कोणी नाही, वडील आजारी. तिला पणजीच्या एका ऑफिसातून इंटरव्यूला बोलावणं आलं. सकाळी बस पकडायला निघाली आणि दुकानासमोरच टॉपचं बटण तुटलं. पळत आत आली. समोर बस हॉर्न मारतेय. मी पॅकेट फोडून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “बसमध्ये लाव.”

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. बटण लागलं. इंटरव्यू चांगला चालला होता. समोर तीन साहेब होते. मधल्या साहेबांनी टेबलावर हात टेकला, आणि त्यांच्या बाहीचं बटण सुटून घरंगळत हिच्यासमोर आलं. साहेब ओशाळले. ही म्हणाली, “सर, लावून देऊ?” साहेबांनी हात पुढे केला आणि विचारलं, “तुम्ही अडचणीच्या वेळी काय करता?” हिने टोपी दाबली, टक वाजलं, आणि ही म्हणाली, “हे.” तिघेही साहेब हसले. प्राची घरी आली ती नोकरी मिळाल्यासारखीच.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी त्याच ऑफिसातून फोन. तिची आई देवासमोर जाऊन उभी राहिली. साहेब स्वतः बोलत होते. त्यांनी विचारलं, “ते बटणाचं तुम्ही कुठून घेतलंत?”

तिने आमच्या दुकानाचा पत्ता दिला. नोकरी दुसऱ्या कोणालातरी मिळाली होती.

पुढच्याच शनिवारी साहेब गाडी घेऊन आले. चांगले सभ्य गृहस्थ. पॅकेट उलटसुलट करून बघितलं, म्हणाले, “त्या मुलीने काय पटकन लावलं हो.”

मी म्हटलं, “हो. पॅकेट आमच्याकडे मिळेल. मुलगी नाही मिळत.”

साहेबांनी पैसे दिले. पॅकेट खिशात घालून गेले. प्राची आता म्हापशाला एका बँकेत आहे. हे त्यांना कोणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

* * *

औद्योगिक वसाहतीत कामाला असलेली बेळगावकडची मुलं आमची कायमची गिऱ्हाइकं. खोलीत पाच-सहाजण राहतात, एकालाही सुई धरता येत नाही, आणि कंपनीचा युनिफॉर्म बटण नसलेला चालत नाही. त्यातला बाळू नावाचा एकजण टकचा फार भक्त झाला. सगळ्या शर्टांना त्याने टकच लावून घेतलं.

एकदा मी त्याला म्हटलं, “काय बाळू, आता बटणाची कटकट गेली ना?”

तो म्हणाला, “गेली की मावशी. पर आधी बटण तुटलं की बायकोची आठवण यायची. आता त्येबी बंद झालंय.”

दिवाळीनंतर त्याची बायको पहिल्यांदा इकडे राहायला आली. त्याने वेगळी खोली घेतली. मग एकदा बाळू आला तो हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. काउंटरवर ओतली. सगळी टकं. प्रत्येकाची टोपी उचकटून काढलेली.

“ह्ये काय रे?”

“तिनं काढली. म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या शर्टाला ह्ये प्लास्टिक कुणी लावलं? दोन दिवस बसून समदी बटणं दोऱ्यानं शिवली.”

“मग टाकून द्यायची होतीस.”

बाळूने पिशवीची नीट घडी घातली. “टाकू कशाला मावशी? तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. सुगीला ती गावाकडं जाणार हाय.”

* * *

पार्शाला माझ्या माहेराशेजारी जयरामभाऊ राहतात. काजूची बाग, थोडे माड. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे सुमनकाकी म्हणतो. पेडण्याचे टेलर काकींकडे काज-बटणाचे कपडे पाठवायचे. गाठोडं सकाळी यायचं आणि संध्याकाळी घड्या घालून परत जायचं. कित्येक वर्षं त्यांनी हे काम केलं.

मग काकी विसरायला लागल्या. आधी शेजाऱ्यांची नावं. मग चुलीवर ठेवलेलं दूध. मग एक दिवस स्वतःच्या मुलीला त्यांनी विचारलं, “तू कोणाची गो?” जयरामभाऊंना त्या अधूनमधून ओळखायच्या, अधूनमधून नाही. हात मात्र काही विसरले नव्हते. घरातला कुठलाही कपडा घेऊन बटणं उसवायच्या आणि परत शिवायच्या. तेवढा वेळ शांत असायच्या. पण सुई कुठे ठेवली ते आठवत नसे. एक सुई उशीत मिळाली, एक तांदळात. एकदा स्वतःच्याच तळव्यात रुतलेली मिळाली. मुलीने घरातल्या सगळ्या सुया उचलून नेल्या.

त्यानंतर काकी घरात ठरेनात. कपड्यांचं गाठोडं करून बाहेर पडायच्या. “टेलर वाट बघता. लोकांचे कपडे आसत.” एकदा बसस्टॉपपर्यंत पोचल्या. कंडक्टर ओळखीचा होता म्हणून परत आल्या. मुलगी म्हणू लागली, दाराला कुलूप लावूया.

जयरामभाऊ बस पकडून माझ्याकडे डिचोलीला आले. काउंटरवर हात टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “गो बाय, सुई नको आसा. पण बटाण लावूचा काम होया.”

मी टक काढलं. लावून दाखवलं. त्यांनी चकतीच्या पायांवर आपलं बोट दाबून बघितलं, मग गालावर दाबून बघितलं. टोचत नव्हतं. त्यांची बोटं जाड, झाडावर चढून चढून घट्टे पडलेली. चार वेळा टोपी सुटून खाली पडली. पाचव्या वेळी बसली.

“काडूक येता?” त्यांनी विचारलं.

“येता. टोपी उचकटली की निघतं. परत लावता येतं.”

“मगे जाला,” ते म्हणाले.

काजूच्या दिवसांत मी माहेरी गेले, तेव्हा सकाळीच त्यांच्याकडे डोकावले. सोप्यावर दोघं बसलेली. काकींच्या मांडीवर एक शर्ट, बाजूला ताटलीत बटणं आणि टकं वेगवेगळी ठेवलेली. चेहरा अगदी कामातला. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि परत मान खाली घातली. मुलगी आत चहा करत होती. तिने मला सांगितलं, बाबा रोज संध्याकाळी सगळी बटणं काढून ठेवतात. आई सकाळी उठून लावते. गाठोडं बांधायचं थांबलंय, कुलूप लावावं लागलं नाही.

मी बाहेर येऊन बसले. काकी एक बटण लावायच्या, टक वाजायचं, त्या बटणावरून अंगठा फिरवायच्या. समोर जयरामभाऊ कमरेला पंचा गुंडाळून उघडेच बसले होते. पहाटेची हवा अजून गार होती.

काकींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, जरा संकोचून.

“तुमच्या आंगार शर्ट नाय तो?” त्या म्हणाल्या. “घरात बायल नाय तुमची?”

“आसा,” जयरामभाऊ म्हणाले. “शर्टाक बटणा लावता हा.”

“मगे रावा थोडे,” काकी म्हणाल्या, आणि ताटलीतलं पुढचं बटण उचललं.