सुभद्राकाकूंची उत्तरं

कळंबच्या उपचार केंद्रात मी वाचोपचार करत असे. लोक मला ‘बोलायच्या मॅडम’ म्हणत. पण सुभद्राकाकू आल्या, की बोलायचं काम त्यांच्याकडे जाई. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर काकूंचं. पहिल्याच दिवशी बाकावरच्या एका म्हाताऱ्याला मी नाव विचारलं, तर तेही काकूंनीच सांगितलं. येताना जीपमध्ये ओळख झाली होती म्हणे.

त्यांची लेक रंजना विशीतली. जन्मतःच मेंदूला इजा झालेली. समजायचं सारं, पण जीभ वळत नसे. ‘‘तिच्या पोटातलं मला कळतंय. मी काय आज आई झाले व्हय तिची?’’ हे काकूंचं ठरलेलं वाक्य. रंजनाला भूक लागली, झोप आली, राग आला, हे सगळं काकू जाहीर करत आणि रंजना छताकडे बघत बसे.

मी रंजनासाठी चित्रांचा तक्ता केला. हव्या त्या चित्रावर बोट ठेवायचं, की बोलणं झालं. तिचं थरथरतं बोट नेमकं टेकायला बरेच आठवडे गेले. एकदा चहा आला. काकू म्हणाल्या, ‘‘बशीत द्या तिला. चहा म्हंजी जीव हाय तिचा.’’ रंजनाने बोट सरकवत नेलं आणि ‘नको’वर ठेवलं. काकूंनी हसून तिचा हात बाजूला केला. तो पुन्हा तिथेच आला. चहा कधीच आवडत नव्हता का, असं मी विचारलं. बोट ‘हो’वर गेलं.

केंद्रातल्या पंख्याला आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मग काकू हळूच लेकीला म्हणाल्या, ‘‘बाई गं, इतकी वर्सं पाजला की म्या.’’ आणि तो चहा स्वतःच पिऊन टाकला.

पुढे रंजना सुटलीच. दोडका नको, पिवळा ड्रेस नको, मावशी नको. काकू तक्रार घेऊन आल्या, ‘‘मॅडम, हिला बोलायला शिकवलंत, आता गप बसायला बी शिकवा.’’ पण लग्नकार्याला जाताना तक्ता काखेत मारून नेत त्याच.

मी ती नोकरी सोडून निघाले, त्या दिवशी दोघी भेटायला आल्या. काकूंनी सुरुवात करताच रंजनाने ‘थांब’वर बोट ठेवलं. मग हात घसरला की पुन्हा आणत, एकेक चित्र शोधत तिने सांगितलं, ‘तुम्ही’, ‘घरी’. शेवटचं चित्र काही केल्या सापडेना. शब्द काकूंच्या ओठांवर आला होता. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.

बोट ‘या’वर टेकलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.