थंड पाण्यातले पीठ

हर्सूलला आमच्या शेजारी म्हाळसाबाई राहतात. वय सत्तरीच्या आसपास. अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेले. मुलगा त्रिंबक वाळूजच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्या शहरात आल्या. सून बानाबाई ही त्यांच्याच सख्ख्या भावाची, दौलताबादच्या मुंजाबाची मुलगी. भाचीच सून म्हणून आणायची हा हट्ट म्हाळसाबाईंचाच. त्यांच्यात तशी रीत आहे.

म्हाळसा आणि बाना या खंडोबाच्या दोन बायका. त्यावरून माझी पत्नी त्यांची थट्टा करायची. "तुमच्याकडं जेजुरीच आहे की. भांडता का नाही?"

"भांडतो की," म्हाळसाबाई म्हणायच्या. "पण देव रातपाळीला जातो, त्याला ऐकू येत नाय."

नात झाली, तिचे नाव गिरजा. गाल फुगीर, पोट मोठे. लोक गुटगुटीत म्हणून कौतुक करायचे. पण सकाळी ती घामाने भिजलेली आणि मलूल असे, पुढे झटकेही येऊ लागले. निदान व्हायला वर्ष गेले. ते ऐकायला मी त्यांच्यासोबत दवाखान्यात होतो, कारण त्रिंबकला सुटी मिळाली नव्हती. यकृतात साठलेली साखर रक्तात सोडणारा घटक मुलीत जन्मतःच नव्हता. चार तास पोट रिकामे राहिले तरी जिवाला धोका. उपाय एकच. दिवसरात्र दर चार तासांनी मक्याचे बारीक पांढरे पीठ थंड पाण्यात कालवून, कच्चेच पाजायचे. साखर, दूध, फळे बंद.

हा दोष आईबापांत लपून असतो आणि दोघांकडून आला तरच बाळात उतरतो, जवळच्या नात्यात ही शक्यता वाढते, हेही डॉक्टरांनी सांगितले. यात कोणाचा अपराध नाही, असे ते दोनदा म्हणाले. परत येताना रिक्षात म्हाळसाबाई एवढेच बोलल्या, "म्हंजी हे मीच आणलं घरात."

मी पुठ्ठ्यावर वेळा आणि चमचे लिहून तो तक्ता त्यांच्या घड्याळाशेजारी टांगला. बानाबाई गजर लावून रात्रीतून दोनदा उठू लागली. दोन वर्षे ती माहेरी गेली नाही. मग भावाच्या मुलाचे बारसे आले. चारपर्यंत परत यायच्या बोलीवर ती निघाली. पिठाच्या दोन पुड्या मोजून ठेवल्या होत्या.

"अकराला एक, तीनला एक. थंड पाण्यात, आत्या."

"मला काय समजत नाय व्हय? जा तू."

बानाबाईने लावून ठेवलेला अकराचा गजर वाजला, तसे म्हाळसाबाईंनी पीठ कालवले. गिरजाने तोंड फिरवले. ते पांढरे पाणी रोज पोरीच्या घशाखाली उतरताना त्यांना बघवत नसे. त्यांनी गॅस पेटवला. पथ्य पाळून साखर किंवा दूध घातले नाही. नुसत्या मिठाच्या कणीवर लापशी शिजवली. पोरीने वाटी चाटून पुसून खाल्ली.

शिजवलेले पीठ लवकर पचते आणि रक्तातली साखर तितक्याच लवकर उतरते. बानाबाईला हे ठाऊक होते. माझ्या तक्त्यात ते नव्हते.

दीडच्या सुमारास म्हाळसाबाईंची हाक आली. पोर घामाने निथळत होती, डोळे वर गेलेले. अशा वेळेसाठी घरात ठेवलेले ग्लुकोज हिरड्यांना चोळत आम्ही तिला रिक्षाने दवाखान्यात नेले. बानाबाई दौलताबादहून तिथेच आली. संध्याकाळी गिरजाने डोळे उघडले.

"आत्या, शिजवलं?" बानाबाईने विचारले.

"व्हय."

"का?"

"कच्चं कसं देऊ, बाना? मेंढरालाबी आजारपणात शिजवून घातलंय मी."

त्यानंतर आठ महिने बानाबाईने मुलीला सासूच्या हाती दिले नाही. रेशनच्या रांगेतही ती मुलीला कडेवर घेऊन उभी असे. म्हाळसाबाईंनी तक्रार केली नाही. त्यांना घड्याळ कळत नव्हते, म्हणून त्यांनी माझ्याकडून त्यावर रंगीत ठिपके काढून घेतले. पीठ कालवायच्या वेळेला त्या न चुकता सुनेसमोर येऊन बसत आणि नुसत्या बघत.

मग बानाबाईला डेंग्यू झाला. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. त्रिंबक कामावर होता. दुपारी तीनला म्हाळसाबाई काचेचा ग्लास घेऊन आमच्या उंबऱ्याशी आल्या. ग्लास माझ्यापुढे धरला.

"भाऊ, बोट घालून बघा. थंड हाय ना? बानाला सांगा तुम्ही. माझं सांगणं नको."

मी पाहिले. थंडच होते. त्यांच्यासोबत आत जाऊन मी तसे सांगितले. बानाबाई अंथरुणातूनच म्हणाली, "भाऊंना कशाला तरास दिला, आत्या? पाजा. टाइम जातोय."

म्हाळसाबाईंनी पाजले. मग ग्लास विसळून पालथा घातला आणि तिथेच खाली बसल्या.

गिरजा आता सहा वर्षांची आहे. शाळेत मधल्या सुटीत आजीच पिठाची बाटली घेऊन जाते. बानाबाई अधूनमधून माहेरीही जाऊन येते. पण नातीबरोबर एकट्या असल्या की म्हाळसाबाई घरात गॅस पेटवत नाहीत. सकाळचीच गार भाकरी खातात. मागे एकदा अशाच वेळी माझ्या पत्नीने त्यांना चहा नेऊन दिला, तर त्यांनी कप झाकून ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. बाना आली की गरम करून दोघी पिऊ."