सिस्टरसमोर माणसं बोलायची

सिस्टरसमोर माणसं बोलायची. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा तीन वर्षं मनातल्या मनात दुस्वास केला.

जळगावला आमच्या मानसशास्त्र विभागात मी त्यांच्या आधी पीएच.डी.ला लागले होते. दुसऱ्यांचे अपघात, आजार, आकांत रोज बघणाऱ्या माणसांच्या मनाचं काय होतं, हा माझा विषय. नर्सेस, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, समुपदेशक यांच्याकडून मी प्रश्नावल्या भरून घ्यायची. एम.ए.ला पहिली आलेली, आकडेमोडीत पक्की, मार्गदर्शक मॅडमची लाडकी. आणि मग सिस्टर आल्या. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात जळीत वॉर्डात बारा वर्षं स्टाफ नर्स, नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. केलेलं, आता अभ्यासरजा घेऊन संशोधनाला. विषय जवळपास माझाच. शिंदखेड्याकडच्या, चाळिशी उलटलेल्या. पहिल्या दिवशी कुणीतरी ‘सिस्टर’ म्हणालं आणि हजेरीतलं नाव मागेच पडलं.

त्यांना येऊन आठवडाही झाला नसेल. मी ग्रंथालयाच्या दारात आले तर आमचे शिपाई नाना त्यांच्यासमोर स्टुलावर बसून टोपीने डोळे पुसत होते. नानांना धाकटा भाऊ होता आणि तो तापीत बुडाला, हे मला तिथे दारात उभं राहून कळलं. नाना दोन वर्षं रोज माझ्या टेबलावर चहा ठेवत होते. मी रोज ‘थँक यू नाना’ म्हणत होते. सिस्टरांनी असं काय विचारलं असेल, याचा मी दिवसभर विचार केला. शेवटी नानांनाच विचारलं. ते म्हणाले, “काहीच नाही विचारलं. त्या बसल्या होत्या, मी बोललो.”

अमळनेरला एक अँब्युलन्स ड्रायव्हर होते, सगळे त्यांना आबा म्हणत. माझी प्रश्नावली त्यांनी दहा मिनिटांत भरून दिली. अपघाताची दृश्यं डोळ्यांसमोर येतात का? कधीच नाही. झोप मोडते का? कधीच नाही. चिडचिड होते का? कधीच नाही. मी खूष होऊन कागद फाइलला लावला. पुढच्या आठवड्यात सिस्टर त्याच आबांकडे निघाल्या, तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. अँब्युलन्स कडुनिंबाखाली उभी होती. सिस्टरांनी वही काढली नाही. म्हणाल्या, “जेवण व्हयनं का, आबा?”

“नही व्हयनं.”

“मंग जेवी ल्या. मी आठेच बठेल शे.”

आणि खरोखरच त्या तिथे दगडावर बसून राहिल्या. मुलाखत एकट्याची असते म्हणून मी बाजूला झाले, बाजारातून फिरून आले. दोन तासांनी परतले तरी आबांचा डबा मांडीवर तसाच उघडा होता, अर्धी भाकरी हातात वाळली होती, आणि आबा बोलतच होते.

परतीच्या एस.टी.त माझा धीर सुटला. “काय बोलले आबा?”

“बोलले.”

“म्हणजे काय पण?”

“ते त्यांचं आहे ना, माय,” असं म्हणून सिस्टरांनी खिडकीला डोकं टेकवलं.

मुलाखत झाली की आधी नळ शोधायचा, ही त्यांची सवय. कोपरापर्यंत हात धुवायच्या, तोंडावर पाणी मारायच्या, आणि चहा संपेपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. “ऐकलेलंही अंगाला लागतं,” म्हणायच्या. मला ते नाटक वाटायचं. तरी एकदा चोपड्याच्या स्टँडवर, त्या बरोबर नसताना, मीही कोपरापर्यंत हात धुऊन पाहिले. नळाचं पाणी उन्हाने तापलेलं होतं, एवढंच कळलं.

मॅडमनी एकदा त्यांच्या एका मुलाखतीची दोन पानं, नावगाव काढून, सगळ्यांसमोर वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाल्या, “याला मुलाखत म्हणतात.” माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या दिवशी सिस्टरांनी डब्यातली कळण्याची भाकरी नेहमीसारखी माझ्यापुढे सरकवली, आणि मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

त्यानंतर महिन्याभराने, प्रगतीचं सादरीकरण जवळ आलं असताना, सिस्टर माझ्याकडे आपल्या प्रबंधातलं संशोधनपद्धतीचं प्रकरण घेऊन आल्या. “तू शिकलेली आहेस, तपासून दे.” आणि मग स्वतःहून बोलल्या. वॉर्डात एक दहा वर्षांची मुलगी होती, उकळत्या तेलाने भाजलेली. तिचं ड्रेसिंग रोज सिस्टरच करायच्या. मुलगी बरी होऊन घरी गेली. पुढे दोन वर्षांनी धुळ्याच्या बाजारात समोरून आली, सिस्टरांना बघितलं आणि किंचाळत आईच्या मागे लपली.

“मी तिला बरं केलं,” सिस्टर म्हणाल्या, “आणि तिच्या लेखी मीच आग. त्यानंतर ड्रेसिंगचा ट्रे हातात घेतला की माझे हात कापायचे. म्हणून तर या अभ्यासाला आले. हे प्रबंधात लिहू का गं?”

मी शांतपणे म्हणाले, “नका लिहू. संशोधकाने तटस्थ दिसायला हवं.”

तो सल्ला मी प्रामाणिकपणे दिला होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. असेलही. पण सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेले तज्ज्ञ त्यांच्या मुलाखतींवर इतके खूष झाले की बोलता बोलता खुर्चीवरून पुढे सरकले. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायची मुभा असते. मी हात वर केला.

“संशोधकाला स्वतःलाच जळीत वॉर्डात मानसिक आघात झालेला असेल, आणि ते प्रबंधात कुठेच सांगितलेलं नसेल, तर या मुलाखतींवर कितपत विसंबायचं?”

विचारताना मी तज्ज्ञांकडे बघत होते. सिस्टरांनी समोरचे कागद सारखे केले आणि म्हणाल्या, “खरं आहे. मी लिहायला पाहिजे होतं.” लिहू नका असं कुणी सांगितलं होतं, ते त्या बोलल्या नाहीत. मॅडमनी विचारलं तेव्हाही नाही.

समितीने मुलाखती दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायला आणि दोन प्रकरणं नव्याने लिहायला सांगितलं. त्याला वर्ष तरी लागणार होतं, आणि सिस्टरांची रजा दोन महिन्यांत संपत होती. ती वाढून मिळाली नाही. कपाट रिकामं करायला आल्या तेव्हा नानांनी त्यांची पिशवी स्टँडपर्यंत नेली. मला त्या म्हणाल्या, “तुझं लवकर संपव, माय.” मी संपवलं. नावामागे डॉक्टर लागलं, एका कॉलेजात नोकरी लागली, मुलींच्या समुपदेशनाचं कामही माझ्याकडेच आलं.

आणि मुली बोलू लागल्या. मला हवं होतं तेच झालं होतं. पण एका मुलीने घरातल्या माणसाबद्दल जे सांगितलं, ते माझ्या अंगावरून उतरेना. तिला पुढची मदत मिळाली, ती सावरू लागली. मी मात्र वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि काय लिहायचं होतं ते विसरायची. एका शुक्रवारी दुपारी मी धुळ्याची गाडी पकडली.

सिस्टर आता वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या. ड्युटी बदलायची वेळ होती. मला बघून आश्चर्य वगैरे काही नाही; “ये, बस,” म्हणाल्या. चादरींच्या खोलीत सात-आठ नर्सेस गठ्ठ्यांवर बसल्या होत्या. दर शुक्रवारी बसत. नियम एकच: जिला दुसऱ्यांचं ऐकायचं आहे, तिने आधी स्वतःचं सांगायचं. सुरुवात सिस्टरांनी केली. “काल ड्रेसिंग करताना मी एका बाईवर ओरडले. ती रडली. ते माझ्या अंगावर अजून आहे.” मग एकेक जण बोलू लागली. मी ज्यावर तीनशे पानं लिहिली होती ते माझ्यासमोर चादरींच्या गठ्ठ्यावर चाललं होतं. लाज वाटायला हवी होती. मला हेवा वाटला.

बाहेर व्हरांड्यात मी त्या प्रश्नाबद्दल माफी मागितली. सिस्टर म्हणाल्या, “प्रश्न बरोबर होता. कुणीतरी विचारायलाच पाहिजे होता. पण तू माझ्याकडे बघून विचारायचं होतंस.”

मी घाईने म्हणाले, “पुन्हा नाव नोंदवा ना. सगळी धावपळ मी करते, प्रकरणंही मी बघून देते.”

“तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी प्रबंध लिहू?” त्या रागावल्या नव्हत्या. आतून कुणीतरी हाक मारली. “तुझं जे आहे ते पुढच्या शुक्रवारी येऊन सांग,” एवढं म्हणून त्या आत गेल्या.

मी तीन शुक्रवार गेले आणि सांगितलं. चौथ्याची गरज पडली नाही. पुढे त्यांची बदली झाली, नंबरही बदलला, आणि मी तो शोधला नाही.

आता मी आमच्या त्याच विभागात शिकवते आणि माझ्याकडेही संशोधनाला मुलं येतात. कुणाचीही मुलाखत घ्यायच्या आधी मी त्यांना माझ्यासमोर बसवते आणि आधी स्वतःचं सांगायला लावते. मॅडम निवृत्त होताना भाषणात माझ्याकडे हात करून म्हणाल्या, “ही पद्धत म्हणजे हिची या विभागाला देणगी.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला आणि खाली बसले.