भावी

गळ्यावर वस्तरा असताना माणूस खोटं बोलत नाही, असं सलूनवाल्याला आयुष्यभर वाटत आलं. अहो, उलट आहे सगळं! गळ्यावर वस्तरा असतानाच माणूस पोटभर खोटं बोलतो. न बोलून सांगतो कुणाला? गालाला फेस, मान मागे टाकलेली, पातं कंठापाशी, आणि पातं धरणारा विचारतोय, "मग, मत कुणाला?" अशा वेळी "तुम्हालाच, दुसरं कुणाला!" असं म्हणत नाही तो एक तर महामूर्ख, नाहीतर त्याला दाढी पुरी करून घ्यायची नसते. पण एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात शिरली नाही. रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. या एका भोळेपणावर त्याने दोन निवडणुका लढवल्या आणि दोन्हींत सपाटून आपटला.

गल्लीत आता त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. पहिल्या वेळी फोटो स्टुडिओवाल्याने हौसेने मोठा फलक करून दिला होता. नव्या शर्टातला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत 'भावी नगरसेवक'. पडल्यावर त्यातलं नगरसेवक गेलं, भावी तेवढं राहिलं. "भावी, जरा कल्ले बारीक करा." "भावी आहेत का दुकानात?" पन्नाशी उलटलेली, दुसऱ्यांचे केस कापता कापता स्वतःचे गळून गेलेले, आणि नाव काय तर भावी! आधी तो चिडायचा, मग हसण्यावारी न्यायला लागला, आणि हल्ली तर मुकाट्याने ओ देतो.

या फंदात तो पडला एका भिंतीपायी.

गल्लीच्या तोंडाशी मोठं गोडाऊन आहे. मालकाने एका वर्षी भिंत हातभर पुढे घेतली. कुणी काही बोललं नाही, म्हणून पुढच्या वर्षी अजून हातभर घेतली. आता तिथल्या वळणावरून सायकल जाते, हातगाडी घासत जाते, पण गाडी आत शिरत नाही. सलूनवाल्याचे वडील सलूनमध्येच कोसळले, हातात कात्री असताना. ॲम्ब्युलन्स आली ती भिंतीपलीकडे बोंबलत उभी राहिली. शेवटी थांबलेल्या गिऱ्हाइकांच्या बसण्याची लाकडी खुर्ची उचलली, म्हाताऱ्याला तिच्यात बसवलं आणि चौघे निघाले. भिंतीपाशी वळताना चौघांनी धरलेली खुर्ची अडकली. वाकडी करा, तिरपी करा, अरे पाय सांभाळा, या गडबडीत म्हाताऱ्याने तिथेच जीव सोडला. खुर्ची पुसून पुन्हा जागेवर आणून ठेवली. टाकून कशी देणार? गिऱ्हाइकांना बसायला दुसरी नव्हती.

मग सुरू झाले पालिकेत हेलपाटे. साहेब म्हणे, नगरसेवकांना भेटा. नगरसेवक म्हणे, बघतो, करतो, सांगतो. अहो, तो काय बघणार, तो गोडाऊनवाल्याच्या खिशात! तेव्हा सलूनवाल्याने ठरवलं की आपणच उभं राहायचं. वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करून वस्तरा धरायला शिकला होता, आता ही दुसरी उमेदवारी. समोरच्या पार्टीने भर सभेत टर उडवली, "याला खुर्ची कशाला पाहिजे? दोन आहेत की दुकानात!" लोक खो खो हसले. त्याचीच गिऱ्हाइकं, त्यानेच भांग पाडलेली डोकी.

खरं बोललं फक्त एकच माणूस, ते म्हणजे गल्लीतले म्हातारे मुकादम. "माझा मुलगा गोडाऊनवर कामाला आहे. मी तुम्हाला मत देणार नाही," फेसातूनच ते म्हणाले. सलूनवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक गाल झालेला, दुसरा व्हायचा होता, तशातच त्याने मुकादमांच्या गळ्यातलं कापड ओढलं आणि दार दाखवलं. म्हातारा अर्ध्या दाढीने गल्लीभर चालत घरी गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

पडल्यावर त्याला खोड लागली. कैची चालवता चालवता तो आरशातून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत बसायचा. याने दिलं असेल का? आणि याने? लोकांना ती नजर सोसवेना. काही जण मोठ्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये जायला लागले, तिथे मोठ्याने गाणी लागतात आणि कुणी काही विचारत नाही. एके काळी या दुकानात केस कापून झाल्यावरही लोक तासतासभर गप्पा छाटत बसायचे. आता कैचीचा आवाज तेवढा येतो.

बरं, एवढं होऊनही तो यंदा उभा राहायला निघाला होता. फॉर्म आणून ठेवला होता. कारण सलूनच्या मागच्या खोलीत बायको होती आणि तिचा दमा होता. गेल्या थंडीत तिला धाप लागली तेव्हा हाताला धरून चालवत मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. भिंतीशी पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले. "पुन्हा असं झालं तर एक पाऊलसुद्धा चालवू नका," डॉक्टरांनी दम भरला. तेव्हापासून तिला नुसता ठसका लागला तरी त्याला भिंत दिसायची.

फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार, आणि संध्याकाळी औषधवाला दाढीला येऊन बसला. गल्लीतला मोठा माणूस. चार लोक त्याचं ऐकतात.

"भावी, उद्या शेवटचा दिवस बरं का! भरून टाका. यंदा अख्खी गल्ली तुमच्या मागे आहे."

सलूनवाल्याने मान डोलावली, एक गाल उरकला आणि वस्तरा गळ्याशी नेला. सवयीने आरशात पाहिलं. औषधवाल्याची नजर त्याच्याकडे नव्हतीच. ती खाली, पात्यावर होती. डोळे तिरपे करून बिचारा पात्यावर पहारा देत होता, आणि तोंडाने चाललं होतं, "मत तर तुम्हालाच, हे काय सांगायला पाहिजे?"

इतक्या वर्षांत हजारदा हे दिसलं असेल. आज कळलं.

त्याने वस्तरा मिटला आणि खणात ठेवला. टॉवेलने औषधवाल्याचा फेस पुसला, कापड काढलं, खुर्ची आरशाकडून आपल्याकडे फिरवली आणि समोर लाकडी खुर्चीत बसला.

"अहो, अर्धीच झालीय!"

"असू दे. आता वस्तरा नाही. आता सांगा."

औषधवाल्याने दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "रागावणार नाही ना?"

"नाही."

"नाही दिलं मत. दोन्ही वेळा नाही दिलं. मीच काय, बहुतेकांनी नाही दिलं."

"मग उभे राहा, उभे राहा म्हणून माझ्या मागे का लागता?"

"आता बघा, तुम्ही उभे राहता म्हणून तर ती मंडळी इकडे फिरकतात. या गल्लीची मतं फुटतील, ही भीती असते त्यांना. पहिल्या वेळी कोपऱ्यावरचा दिवा आला. दुसऱ्या वेळी गटारावर झाकणं आली. तुम्ही बसलात घरी, तर इथे कुत्रं विचारणार नाही आम्हाला. भावी आहे म्हणून गल्लीला भाव आहे!" आपल्याच कोटीवर त्याला हसू फुटलं, ते त्याने आवरलं.

"आणि भिंत?"

"भिंत कसली पडतेय, राव! निम्म्या गल्लीची चूल त्या गोडाऊनवर पेटते. माझासुद्धा माल तिथेच असतो. भिंत पडलेली कुणालाच नकोय. तुम्ही उभं राहावं आणि पडावं, एवढंच पाहिजे."

सलूनवाल्याला राग यायला हवा होता. आली ती लाज. कोपऱ्यावरचा दिवा लागला त्या दिवशी आपण हरलो तरी निदान दिवा तरी आला, असं तो बायकोला सांगत होता. लोकांनी आपल्याला गळाला लावून मासे धरले, आणि आपण गळाला लटकून भाषणं देत राहिलो!

तो उठला. खुर्ची पुन्हा आरशाकडे केली, नव्याने फेस लावला आणि राहिलेला गाल नीट, सावकाश उरकला. एकदा एका माणसाला अर्ध्या दाढीने घालवलं होतं, ते पाप पुन्हा नको होतं.

"उद्या मी जाणार नाही," गालावर तुरटी फिरवताना तो म्हणाला.

"असं करू नका हो, जरा गल्लीचा विचार करा!"

"इतकी वर्षं दुसऱ्या कुणाचा केला?"

आत बायको दम्याचा पंप घेऊन पलंगाच्या कडेला बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मधे नुसता पडदाच तर होता.

"नाही भरत फॉर्म," तो म्हणाला.

"बरं केलंत." पंप बाजूला ठेवत ती म्हणाली, "माझं मत मात्र खरं होतं हं, दोन्ही वेळा."

"माहीत आहे. तुझी कुठे दाढी करतो मी!"

ती हसली. हसता हसता ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबेना. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ठसका थांबल्यावर तिने विचारलं, "मग भिंत?"

तो उठला, पलंगामागून तो जुना फलक ओढून काढला आणि त्याचे दोन लांब लाकडी पाय उचकटले. नव्या शर्टातला भावी नगरसेवक घडी होऊन पलंगाखाली गेला. मग त्याने लाकडी खुर्ची दुकानापुढच्या अंगणात आणली आणि ते दोन्ही दांडे तिला दोन बाजूंनी स्क्रूने आवळून बसवले.

"हे कुणासाठी?" दारात येऊन तिने विचारलं, आणि त्याने मान वर केली नाही तेव्हा तिला कळलं. कळलं तरी बाई धीराची. "बघू तरी, पेलतंय का," असं म्हणून स्वतःच पदर सावरून खुर्चीत बसली.

एकट्याला ती कुठली उचलणार? गल्लीतून मुकादम चालले होते. थांबले, खुर्चीकडे पाहिलं, दांड्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. काठी सलूनच्या दाराला टेकवून ठेवली आणि दांड्यांची पुढची टोकं धरली. मागची त्याने धरली.

"यंदा उभे आहात?" चालता चालता मुकादमांनी विचारलं.

"नाही."

"मग उद्या येतो. माझा एक गाल राहिलाय तुमच्याकडे."

दारं उघडून लोक बघत होते. हसलं कुणी नाही. पुढे आलं, असंही कुणी नाही. कोपऱ्यावरचा दिवा लागलेला होता, त्याच्या उजेडात ते भिंतीपाशी पोचले आणि मुकादम वळले.

दांडे भिंतीला थडकले.

"लांब झाले," मुकादम धापा टाकत म्हणाले. "कापावे लागतील."

"कापले तर धरायला जागा कुठे उरते?" सलूनवाल्याने खुर्ची तिरपी करून पाहिली. मग दुसऱ्या बाजूने तिरपी केली. "वहिनी, पाय सांभाळा," मुकादम म्हणाले. तिने पाय वर घेतले आणि तोल जाऊ नये म्हणून भिंतीला हात टेकला. भिंतीपलीकडे मोठ्या रस्त्यावरून गाड्या भराभर चालल्या होत्या. तो अजून तिरपी करत होता, मागे घेत होता, पुन्हा पुढे रेटत होता, आणि दांडे पुन्हा पुन्हा त्याच जागी घासत होते.

"अहो, पुरे आता, ठेवा खाली," ती म्हणाली. "मी जाते चालत. आज येतंय मला चालता."