बारावी विद्यार्थिनी

वाचनालयाच्या माडीवर प्रौढांना इंग्रजी शिकवता शिकवता बाईंची बावीस वर्षं खडूच्या धुळीत गेली. त्यांचा एकच मंत्र: "आधी माणूस दिसतो कसा ते सांगा, मग आहे कसा. आणि खोटं कौतुक नको, इथे लग्न जुळवायचं नाहीये!" वर्गातले शिंपीदादा तरीही प्रत्येकाचं वर्णन छाती-कंबरेच्या मापांतच करत, आणि न्हावीभाऊंच्या जगात केसांखाली चेहरा नव्हताच.

यंदा नियम आला. पटावर बारा डोकी भरली नाहीत, तर खोली कराटेवाल्यांना. बाईंकडे होती अकरा. त्यांनी घरी डोक्याला हात लावला, तर सासूबाई म्हणाल्या, "माझं डोकं काय भाड्याने दिलंय? लिही मला."

सासूबाई पस्तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. इंग्रजी त्यांना येई, पण ते फक्त ड्यूटी बदलताना रुग्ण दुसऱ्या नर्सच्या हवाली करण्यापुरतं.

महिन्याभरात तपासणीला साहेब आले. पट पाहून त्यांनी भुवई चढवली. "आडनाव तुमचंच दिसतंय. घरची माणसं भरून आकडा गाठलात? आजी, कुणाचंही वर्णन करा बघू, इंग्रजीत. जमलं नाही तर अकराच धरीन."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई मात्र पदर खोचून उभ्या राहिल्या आणि सुनेकडे बोट दाखवून त्यांनी इंग्रजीत जो रिपोर्ट दिला, तो मराठीत असा:

"बाई, वय सेहेचाळीस. उंच. नाक लांब. केस गळतात. भूक चांगली, झोप कमी. दुखलं तर सांगत नाही, विचारलं तर चिडते. दुसऱ्यांची काळजी जास्त, स्वतःची शून्य. लक्ष ठेवावं."

बाईंना एकाएकी फळा पुसायची घाई झाली. तो आधीच कोरा होता.

साहेबांना काय अवदसा आठवली कोण जाणे. "आणि मी?"

"आई, नको!" बाई कुजबुजल्या. पण बाण सुटला होता.

"पुरुष, पन्नाशी. पोट पुढे, चेहरा लाल. वरच्यांना घाबरतो, खालच्यांना घाबरवतो. जेवला की लगेच आडवा होतो. बरा होण्याची आशा आहे."

न्हावीभाऊंनी हसू रुमालात कोंबलं. बाईंना खोलीत कराटेच्या सतरंज्या अंथरलेल्या दिसू लागल्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं आणि लिहिलं: 'हजर बारा. विद्यार्थ्यांना वर्णन करता येते.'

दारात मात्र ते आजींजवळ रेंगाळले. "चेहरा लाल, म्हणजे... काळजीचं काही?"

"मीठ कमी करा. आणि जिना सावकाश उतरा."

घरी जाताना सासूबाईंनी विचारलं, "मग बाई, दहापैकी किती?"

"नऊ."

"एक का कापला?"

"नाकासाठी."

"खोटं कौतुक नको, असं तूच शिकवलंस ना?" सासूबाई म्हणाल्या आणि घराच्या जिन्यावर सून लंगडतेय हे पाहून म्हणाल्या, "थांब जरा. गुडघा दुखतोय ना?"

"नाही हो, आई!"

"बघ, चिडलीस. आता दहा दे."